ओळखीचे वाटते तिथेच थांबून विचारावे : लॅटिनो क्लायंटसाठी समुपदेशक कसे घडवावेत

२०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत लॅटिन अमेरिकी मूळ सांगणाऱ्यांची संख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या १८.७ टक्के होती. त्याच देशात अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१५ मध्ये केलेल्या पाहणीत स्पॅनिशमधून सेवा देऊ शकतो असे सांगणारे मानसशास्त्रज्ञ ५.५ टक्के निघाले. ही दरी केवळ नव्या भरतीने बुजणारी नाही. आज जे समुपदेशनाचे शिक्षण घेत आहेत, त्यांना या कामासाठी नीट तयार करावे लागेल, आणि त्यांत मराठी घरांतून आलेले प्रशिक्षणार्थीही आहेत. हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षकांसाठी लिहिला आहे.

अनेक ठिकाणी सांस्कृतिक प्रशिक्षण म्हणून दोन-तीन तासांचे एक व्याख्यान ठेवले जाते. त्यात लॅटिनो लोक कुटुंबवत्सल असतात, श्रद्धाळू असतात, भावना मोकळेपणाने दाखवतात, अशी गुणांची यादी पडद्यावर येते आणि शेवटी प्रमाणपत्र दिले जाते. अशी यादी हाती आली की प्रशिक्षणार्थी प्रश्न विचारणे सोडून देतो, असे मी पर्यवेक्षक म्हणून वारंवार पाहिले आहे. म्हणून पुढील क्रम वर्षभराच्या इंटर्नशिपला डोळ्यांसमोर ठेवून आखला आहे. समुपदेशन अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या ‘केकरेप’ या संस्थेच्या नियमांप्रमाणे प्रॅक्टिकमचे, म्हणजे पर्यवेक्षणाखालील पहिल्या प्रत्यक्ष सरावाचे, किमान १०० आणि इंटर्नशिपचे किमान ६०० तास असतात, व त्यांतील अनुक्रमे ४० आणि २४० तास प्रत्यक्ष क्लायंटसोबत घालवावे लागतात. खालील बहुतेक गोष्टी या तासांतच बसवता येतात. त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम मंजूर होण्याची वाट पाहावी लागत नाही.

पहिली पायरी : आपल्या दारात कोण येते, ते शोधणे

‘लॅटिनो’ हा शब्द एका जनसमूहाचे नाव वाटतो, पण त्याखाली वीसहून अधिक देशांचे लोक येतात. मेक्सिकन मूळ असलेल्यांचा गट सर्वांत मोठा आहे. प्वेर्तो रिकोचे लोक १९१७ पासून जन्माने अमेरिकी नागरिक आहेत, त्यामुळे त्यांना ‘तुमचा व्हिसा कोणता?’ असे विचारणे हा अपमान ठरतो. क्यूबातून आलेल्यांसाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा होता, तर एल साल्वादोरमधील यादवी (१९८० ते १९९२) आणि ग्वातेमालातील यादवी (१९६० ते १९९६) यांतून निसटून आलेल्यांपैकी फार थोड्यांना अमेरिकेने आश्रय दिला. ‘लॅटिनो क्लायंट’ म्हणून समोर बसलेल्या दोन व्यक्तींच्या वाट्याला कायद्याने इतके वेगळे आयुष्य आलेले असू शकते.

म्हणून प्रशिक्षणार्थीला पहिल्या दोन आठवड्यांत एकच काम द्यावे : केंद्राच्या गेल्या वर्षीच्या नोंदींतून, नावे वगळून, क्लायंट कोणत्या देशांतून आले, घरी कोणती भाषा बोलतात, अमेरिकेत किती वर्षे झाली आणि पहिल्या सत्रानंतर परत आले की नाही, हे तपासून दोन पानांचा अहवाल लिहावा. न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविकमध्ये मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातील लोकांची मोठी वस्ती आहे, युनियन सिटीत अनेक दशके क्यूबन वर्चस्व होते, आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये होन्दुरासमधून आलेले गारिफुना, म्हणजे आफ्रिकी व मूळ कॅरिबियन अशा मिश्र वंशाचे, लोक राहतात. अहवाल लिहिताना हमखास लक्षात येते, की घरची भाषा या रकान्यात सर्वांसमोर डोळे मिटून ‘स्पॅनिश’ लिहिलेले आहे. ओआहाकाहून आलेल्यांची मायबोली मिश्तेको किंवा सापोतेको असू शकते, ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातून आलेल्यांची माम किंवा किचे. अशा व्यक्तीसाठी स्पॅनिश ही शाळेत आणि बाजारात शिकलेली दुसरी भाषा असते, आणि दुःख त्या भाषेत नीट सांगता येतेच असे नाही.

नावाबद्दलही इथेच स्पष्टता आणावी. ‘लॅटिनेक्स’ हा लिंगनिरपेक्ष शब्द विद्यापीठांत रूढ झाला असला, तरी जनमत पाहण्या करणाऱ्या प्यू रिसर्च सेंटरच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तो स्वतःसाठी वापरणारे प्रौढ केवळ ३ टक्के होते, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४ टक्के. ज्यांना तो हवा असतो, विशेषतः स्त्री-पुरुष या दोन चौकटींत न बसणाऱ्या तरुणांना, त्यांच्यासाठी तो महत्त्वाचा असतो. ज्यांना नको असतो, त्यांच्यावर लादू नये. ‘तुम्ही स्वतःची ओळख कशी सांगता?’ हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारावा आणि जे उत्तर येईल तोच शब्द पुढे वापरावा. या लेखात मी ‘लॅटिनो’ लिहिते, कारण बहुतेक क्लायंट तो किंवा आपल्या देशाचे नाव वापरतात.

दुसरी पायरी : ‘हे तर आपल्यासारखेच’ या भावनेची तपासणी

मराठी प्रशिक्षणार्थींसाठी ही पायरी सर्वांत अवघड आहे. एकत्र राहणारे कुटुंब, आजीचा शब्द, देवघर, मुलीच्या वागण्यावर शेजारपाजाऱ्यांची नजर, घरची गोष्ट बाहेर न काढण्याची शिकवण, गावी पाठवायचे पैसे, हे सगळे ऐकताना आपल्याला घरच्यासारखे वाटते. त्या जवळिकीचा फायदा होतो, कारण गोऱ्या अमेरिकी सहकाऱ्याला ज्या गोष्टी ‘अवलंबित्व’ वाटतात त्या आपल्याला तशा वाटत नाहीत. पण तीच जवळीक आपल्याकडून चुकाही घडवते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक चूक सांगते. एक तरुण स्त्री खिन्नतेसाठी येत असे. तिच्या बोलण्यात आईचा उल्लेख सतत येई. मी आपल्याकडच्या मायलेकींच्या नात्याचा साचा मनात धरून तिसऱ्याच सत्रात आईला सोबत आणण्याचे सुचवले. ती ‘हो’ म्हणाली आणि पुन्हा आली नाही. नंतर लक्षात आले, की ती सहा वर्षांची असताना आई कामासाठी अमेरिकेत आली होती, मुलगी आजीकडे वाढली होती आणि चौदाव्या वर्षी जवळजवळ अनोळखी असलेल्या आईकडे पोहोचली होती. मध्य अमेरिकेतून टप्प्याटप्प्याने स्थलांतर झालेल्या असंख्य घरांत असा दुरावा आणि अशी पुनर्भेट असते. मी विचारले असते, तर तिने सांगितले असते. मी विचारले नाही, कारण मला उत्तर ठाऊक आहे असे वाटले.

यावर उपाय म्हणून मी एक सराव करून घेते. प्रशिक्षणार्थीने प्रत्येक सत्रानंतर वहीत दोन रकाने करावेत. डावीकडे सत्रात जे ओळखीचे वाटले ते लिहावे आणि उजवीकडे त्याबद्दल पुढच्या वेळी विचारायचा एक प्रश्न लिहावा. ‘आजी घरात राहते’ हे डावीकडे आले, तर उजवीकडे ‘घरात शेवटचा निर्णय कोणाचा असतो, आणि तो तुम्हाला कसा वाटतो?’ असे यावे. पर्यवेक्षणाच्या तासाला ही वही उघडून बोलावे. साधारण सहा आठवड्यांत प्रशिक्षणार्थी सत्र चालू असतानाच उजवा रकाना भरू लागतो.

या सरावात मराठी समुपदेशकाने आपले स्थानही मांडावे. आपल्यापैकी बरेच जण शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या व्हिसावर, विमानाने, कागदपत्रांसह आलेले असतात. ग्रीन कार्डासाठीची आपली वर्षानुवर्षांची प्रतीक्षा खरी आहे, पण वाळवंट पायी ओलांडून आलेल्या माणसापुढे ‘मीही स्थलांतरितच आहे’ असे म्हणणे त्याच्या अनुभवाला हलके करते. ते वाक्य सत्रात शक्यतो उच्चारू नये.

तिसरी पायरी : भाषेची खरी कुवत मोजणे

शाळेत चार वर्षे स्पॅनिश शिकलेला प्रशिक्षणार्थी जेवण मागवू शकतो, पण आत्महत्येच्या विचारांची चौकशी करू शकतोच असे नाही. भाषा येते की नाही हे त्याच्या स्वतःच्या सांगण्यावर सोडू नये. स्पॅनिश मातृभाषा असलेल्या परवानाधारक सहकाऱ्याने अर्ध्या तासाचे सोंगी सत्र घ्यावे आणि त्यात चार गोष्टी तपासाव्यात : गोपनीयतेच्या मर्यादा समजावून सांगणे, आत्महत्येच्या धोक्याची चौकशी करणे, औषधांबद्दल विचारणे, आणि रडणाऱ्या व्यक्तीला घाई न करता धीर देणे. यांपैकी एकातही अडखळल्यास त्या प्रशिक्षणार्थीने दुभाष्यासोबतच काम करावे. त्यात कमीपणा नाही, धोका टाळण्याची ती रीत आहे.

धोका किती गंभीर असतो, हे एका जुन्या प्रकरणातून कळते. १९८० मध्ये फ्लोरिडात १८ वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. क्यूबन कुटुंबाने ‘इन्तोक्सिकादो’ हा शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून बाधा झाली असा होतो. डॉक्टरांनी तो अमली पदार्थांची नशा असा घेतला, मेंदूतील रक्तस्राव लक्षात यायला वेळ गेला, आणि तरुणाचे चारही हातपाय कायमचे लुळे पडले. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातही असे शब्द आहेत. ‘कोराखे’ म्हणजे अनेक देशांत धैर्य, पण मेक्सिकोत राग. ‘मे दियो कोराखे’, म्हणजे ‘मला राग आला’, म्हणणारी मेक्सिकन बाई शौर्य सांगत नसते.

मराठी माणसाला स्पॅनिशमधली एक गोष्ट मात्र पटकन उमजते : एकवचनी आणि आदरार्थी संबोधन. स्पॅनिशमधले ‘तू’ आणि आपले ‘तू’ यांचा उच्चारही जवळजवळ एकच आहे, आणि ‘उस्तेद’ आपल्या ‘तुम्ही’च्या जागी येते. पण इथेही ओळखीवर विसंबू नये. आपण आईला ‘तू’ म्हणतो आणि अनोळखी तरुणाला ‘तुम्ही’, म्हणजे आपला नियमही केवळ वयावर चालत नाही. तसेच कोलंबियाच्या काही भागांत आणि कोस्टा रिकात अगदी जिवलगांनाही ‘उस्तेद’ म्हणतात, तर मध्य अमेरिकेत आणि आर्जेन्टिनात ‘तू’च्या जागी ‘वोस’ चालते. सुरुवात ‘उस्तेद’ने करावी, वडीलधाऱ्या पुरुषाला ‘दोन’ आणि स्त्रीला ‘दोन्या’ हा आदरसूचक शब्द नावाआधी लावून हाक मारावी, आणि बदल क्लायंटने सुचवला तरच करावा.

घरात इंग्रजी व स्पॅनिश दोन्ही बोलणाऱ्या क्लायंटबाबत आणखी एक बारकावा शिकवावा. भाषा बदलण्याच्या क्षणाकडे लक्ष द्यावे. काही जण आघाताची हकिकत मुद्दाम इंग्रजीत सांगतात, कारण परकी भाषा थोडे अंतर देते. त्यांना लगेच ‘स्पॅनिशमध्ये सांगा’ म्हणू नये. पण बऱ्याच सत्रांनंतरही सगळे सपाट सुरात येत असेल, तर ‘त्या वेळी आईने नेमके कोणते शब्द वापरले होते?’ असे विचारावे. मग मूळ शब्द येतो आणि त्याच्यासोबत भावना येते. मराठीत विचार करून इंग्रजीत थेरपी घेतलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही.

चौथी पायरी : दुभाष्यासोबत काम करण्याचा सराव

हे कौशल्य बहुतेक ठिकाणी गृहीत धरले जाते आणि शिकवले जात नाही, म्हणून मी यासाठी तीन पूर्ण बैठका राखते.

कायद्याची बाजू आधी सांगावी. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थांना १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे, वंश किंवा मूळ देश यांवरून भेदभाव करायला मनाई करणारे, सहावे प्रकरण लागू होते. २००० सालचा भाषासेवांविषयीचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द झाला, पण तो कायदा रद्द झालेला नाही. आरोग्यसेवेत अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टच्या कलम १५५७ खालील नियमांनी, आणीबाणीचा अपवाद वगळता, अल्पवयीन मुलांकडून दुभाषाचे काम करून घ्यायला मनाई केली आहे. प्रत्यक्षात मात्र दहा वर्षांची मुलगी आईचे दुःख भाषांतरित करत बसलेली आजही दिसते. त्या मुलीला आईच्या नवऱ्याची मारहाण स्वतःच्या तोंडाने सांगावी लागते, किंवा ती आईला वाचवण्यासाठी वाक्य गाळते. दोन्ही गोष्टी तिच्यावर अन्याय करणाऱ्या आहेत.

सत्राआधी दुभाष्याशी दहा मिनिटे बोलावे : आजचा विषय काय असू शकतो, कोणते शब्द जसेच्या तसे हवे आहेत, आणि क्लायंट व दुभाषी एकाच छोट्या वस्तीतले तर नाहीत ना. बसताना तिघांचा त्रिकोण असावा आणि समुपदेशकाने पाहावे क्लायंटकडे. ‘तिला विचारा की तिला झोप लागते का’ असे न म्हणता ‘तुम्हाला झोप कशी लागते?’ असे थेट बोलावे, आणि दुभाष्यानेही प्रथमपुरुषीच बोलावे. वाक्ये लहान ठेवावीत. क्लायंट दोन मिनिटे बोलला आणि दुभाष्याने ‘ती म्हणते, बरे आहे’ एवढेच सांगितले, तर नम्रपणे थांबवून पूर्ण भाषांतर मागावे. सत्रानंतर पाच मिनिटे दुभाष्यासाठी ठेवावीत, कारण छळाच्या आणि बलात्काराच्या हकिकती त्याच्या तोंडून ‘मी’ म्हणून बाहेर पडलेल्या असतात, आणि तो त्या घरी घेऊन जातो.

सरावासाठी मराठी गटाला एक सोय आहे. एका प्रशिक्षणार्थीने केवळ मराठीत बोलणाऱ्या क्लायंटची भूमिका घ्यावी, दुसऱ्याने दुभाष्याची, आणि मराठी न येणाऱ्या सहकाऱ्याने समुपदेशकाची. ‘जिवाची घालमेल होते’, ‘काळजात धस्स झाले’ ही वाक्ये भाषांतरात किती गळतात, हे ऐकल्यावर स्पॅनिश क्लायंटचे काय हरवत असेल, ते प्रशिक्षणार्थीला अंगाने कळते.

पाचवी पायरी : मूल्यमापन

डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत २०१३ पासून १६ प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत दिली आहे, आणि ती स्पॅनिशमध्येही उपलब्ध आहे. प्रशिक्षणार्थीने ती आधी एकमेकांवर, मग पहिल्या पाच क्लायंटवर पूर्ण वापरावी. त्यातील सर्वांत उपयोगी प्रश्न साध्या शब्दांत असा : ‘तुमच्या घरच्या लोकांना किंवा मित्रांना तुम्ही हा त्रास कोणत्या शब्दांत सांगता?’ क्लायंट ‘डिप्रेशन’ म्हणत नाही. तो ‘नेर्विओस’ (नसांचा त्रास) म्हणतो, ‘डोके दुखते’ म्हणतो, ‘छातीत दडपण येते’ म्हणतो. तोच शब्द उपचाराच्या कागदावर यावा आणि पुढे वापरला जावा.

त्याच पुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत क्लेशाच्या नऊ सांस्कृतिक संकल्पना, म्हणजे त्या-त्या समाजाचे त्रास ओळखण्याचे व सांगण्याचे प्रकार, दिल्या होत्या, आणि त्यांत दक्षिण आशियातील ‘धात’ जसा आहे तसे ‘नेर्विओस’, ‘अताके दे नेर्विओस’ आणि ‘सुस्तो’ हेही आहेत. अताके मुख्यतः कॅरिबियन बेटांवरील लोकांत आढळतो. मृत्यूची बातमी किंवा घरातील मोठे भांडण यांनंतर रडणे, ओरडणे, थरथरणे, छातीतून डोक्याकडे चढणारी उष्णता, कधी शुद्ध हरपणे असे त्याचे रूप असते. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्करातील डॉक्टरांनी प्वेर्तो रिकन सैनिकांत हे पाहून त्याला त्या लोकांचेच नाव देऊन टाकले. पॅनिक अटॅकपेक्षा हे वेगळे ठरते, कारण बहुधा कारण समोर असते आणि भीती हा गाभा असतोच असे नाही. मात्र अताके म्हणून सोडूनही देऊ नये. त्यासोबत आत्महत्येचे विचार आहेत का, हे दर वेळी विचारावे.

‘सुस्तो’ ऐकताच मराठी मनात ‘धसका घेतला’ येते आणि ‘माल दे ओखो’ ऐकताच दृष्ट. साम्य खरे आहे, पण सुस्तोमध्ये भीतीने आत्मा शरीर सोडून गेला अशी धारणा असते, आणि तो परत बोलवावा लागतो. आपण मीठ-मोहऱ्या ओवाळून विस्तवात टाकतो, तर ‘लिंपिया’ हा शुद्धीचा विधी करणारी कुरान्देरा, म्हणजे पारंपरिक उपचार करणारी बाई, अंगावरून अंडे फिरवून ते पाण्यात फोडते आणि त्यातून काय दिसते ते सांगते. क्लायंट तिच्याकडे जाऊन आला असेल, तर ती काय म्हणाली हे आदराने विचारावे. सोबत घरगुती औषधांचीही चौकशी करावी, कारण पोट बिघडल्यावर मुलांना दिल्या जाणाऱ्या ‘ग्रेता’ आणि ‘असार्कोन’ या पुड्यांमध्ये शिसे असते. तसे आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे.

नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९ आणि चिंता मोजणारी जीएडी-७ या प्रश्नावल्या स्पॅनिशमध्ये विनामूल्य मिळतात, पण त्या क्लायंटच्या हातात देऊन बाहेर जाऊ नये. वाचता येत नसल्याचे सांगायला अनेकांना संकोच वाटतो. प्रत्येकासोबत वाचूनच भरावी, म्हणजे तो प्रश्नच उरत नाही.

सहावी पायरी : मूल्ये

फामिलिस्मो (कुटुंबनिष्ठा), रेस्पेतो (आदर), पेर्सोनालिस्मो (व्यक्तिगत जिव्हाळा), कोन्फियान्सा (विश्वास), माचिस्मो (पुरुषार्थ), मारियानिस्मो (स्त्रीने त्यागी व सोशिक असावे ही कल्पना) हे शब्द प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडतात, म्हणून मी त्यांवर फार वेळ घालवत नाही. शिकवताना एवढेच करावे, की प्रत्येक शब्दाच्या दोन बाजू मांडाव्यात. कुटुंबनिष्ठा आधार देते आणि सोळा वर्षांच्या मुलीला धाकट्या भावंडांची आई बनवते. पुरुषार्थाच्या कल्पनेत वर्चस्व आहे, तशीच ‘काबायेरिस्मो’ नावाची, कुटुंबाची जबाबदारी मानाने वाहणारी बाजूही आहे, आणि दारू सोडायला आलेल्या बापाशी बोलताना ती दुसरी बाजू कामाला येते. पेर्सोनालिस्मोचा अर्थ सत्रात असा, की पहिली दहा मिनिटे गप्पांची असतात, आणि ती वाया गेलेली नसतात. त्या काळात समुपदेशक विश्वासाला पात्र आहे का, हे क्लायंट पाहत असतो. तमाले या मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या पदार्थाचा डबा कोणी आणला, तर भेटवस्तूंच्या नियमाचे कलम दाखवण्याआधी पर्यवेक्षकाशी बोलावे.

सातवी पायरी : स्थलांतर, कागदपत्रे आणि भीती

स्थलांतराची हकिकत तीन भागांत ऐकायला शिकवावी : निघण्याआधी काय घडले, वाटेत काय घडले, आणि पोहोचल्यावर काय घडते आहे. बहुतेक नवशिके वाटेतल्या प्रसंगांवर थांबतात, कारण ते थरारक असतात. क्लायंटला मात्र पुष्कळदा तिसऱ्या भागाने पोखरलेले असते. विल्यम वेगा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो परगण्यातून मांडलेल्या अभ्यासात मेक्सिकोत जन्मून स्थलांतरित झालेल्यांपेक्षा अमेरिकेत जन्मलेल्या मेक्सिकन वंशीयांमध्ये मानसिक विकारांचे प्रमाण जास्त आढळले. म्हणजे इंग्रजी सफाईने बोलणारा, इथेच वाढलेला तरुण ‘रुळलेला’ आहे असे धरून चालता येत नाही.

कागदपत्रांचा प्रश्न समुपदेशकाने स्वतःहून विचारू नये. क्लायंटने सांगितल्यास ऐकावे, पण उपचारासाठी गरज नसेल तर नोंदीत लिहू नये. ‘कुटुंबापासून ताटातूट होण्याच्या भीतीने झोप उडाली आहे’ एवढी नोंद उपचाराला पुरते. रुग्णालये, शाळा आणि प्रार्थनास्थळे यांसारख्या ठिकाणी कारवाई टाळण्याचे केंद्र सरकारचे जुने धोरण जानेवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आले. त्यानंतर प्रत्येक केंद्राने वकिलाच्या सल्ल्याने लेखी कार्यपद्धती ठरवलेली असावी : अधिकारी आल्यास कोण बोलेल, वॉरंट कोण वाचेल, त्यावर न्यायाधीशाची सही आहे का हे कोण पाहील. प्रशिक्षणार्थीने ती कार्यपद्धती पहिल्याच आठवड्यात वाचून घ्यावी आणि प्रसंग आल्यास स्वतः काही न ठरवता ठरलेल्या व्यक्तीला बोलवावे.

कायदेशीर सल्ला देऊ नये, पण कुठे पाठवावे हे ठाऊक असावे. गुन्ह्याचा बळी ठरलेल्या आणि तपासात मदत करणाऱ्या व्यक्तीला ‘यू व्हिसा’ मिळू शकतो, पण वर्षाला मर्यादा १०,००० ची आहे आणि रांग लांब आहे. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला हा मार्ग अस्तित्वात आहे एवढे कळणेही कधी दार उघडते. ‘नोतारियो’पासून सावध करावे. लॅटिन अमेरिकेत नोतारियो हा कायद्याचा पदवीधर असतो, अमेरिकेत नोटरी केवळ सही साक्षांकित करतो, आणि या नावाचा गैरफायदा घेऊन पैसे उकळणारे व अर्ज बिघडवून ठेवणारे लोक आहेत.

आठवी पायरी : उपचार जुळवून घेणे

गियेर्मो बेर्नाल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्वेर्तो रिकोतून मांडलेली आठ अंगांची चौकट इथे मजबूत आधार देते : भाषा, माणसे, रूपके, आशय, संकल्पना, उद्दिष्टे, पद्धती आणि परिस्थिती. विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या सीबीटी या उपचारपद्धतीची नेहमीची आखणी घेऊन प्रत्येक अंगाखाली एक-एक बदल प्रशिक्षणार्थीने लिहून काढावा. रूपकांच्या जागी ‘दिचो’ म्हणजे म्हणी येतात. ‘पोको आ पोको से आंदा लेखोस’, हळूहळू चालत माणूस लांब पोहोचतो, ही म्हण वर्तन-सक्रियतेचे, म्हणजे छोट्या कृतींतून पुन्हा सक्रिय होण्याचे, तत्त्व क्लायंटच्या आजीच्या आवाजात सांगते. ‘आग्वान्तार’, म्हणजे मुकाट सोसणे, आणि ‘देसाओगार्से’, म्हणजे मन मोकळे करणे, हे दोन शब्द समोरासमोर ठेवले की समुपदेशन कशासाठी असते, ते वेगळे समजावे लागत नाही. दुसऱ्या शब्दाच्या पोटात गुदमरण्यातून सुटणे हा अर्थ आहे. लहान मुलांसाठी जुसेप्पे कोस्तान्तिनो, रॉबर्ट मालगाडी आणि लॉइड रॉग्लर यांनी न्यूयॉर्कमधील प्वेर्तो रिकन मुलांवर लोककथांतून उपचार करून पाहिले आणि १९८६ मध्ये त्याचे चांगले परिणाम मांडले. आजी सांगते त्या गोष्टी मुलांना सर्वत्रच पोहोचतात.

परिस्थितीचे अंग मात्र सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. शेतात, बांधकामावर किंवा हॉटेलच्या स्वयंपाकघरात तासावर राबणारा माणूस मंगळवारी दुपारी दोन वाजता येऊ शकत नाही. तो आला नाही की नोंदीत ‘प्रेरणेचा अभाव’ लिहिले जाते. संध्याकाळची आणि शनिवारची वेळ, मुलांना बसायला कोपरा, फोनवर स्पॅनिशमधून उत्तर देणारी व्यक्ती आणि वस्तीतल्या ‘प्रोमोतोरा’ म्हणजे आरोग्य-सेविकांशी संबंध, एवढे नसेल तर उत्तम प्रशिक्षित समुपदेशकही रिकाम्या खुर्चीसमोर बसतो. संकटकाळासाठी ९८८ या क्रमांकावर फोन करून २ दाबल्यास स्पॅनिशमध्ये मदत मिळते, आणि जुलै २०२३ पासून ‘आयुदा’ हा शब्द स्पॅनिश स्पेलिंगने लिहून ९८८ वर संदेशही पाठवता येतो. प्रशिक्षणार्थीने हा क्रमांक क्लायंटला देण्याआधी तो कसा चालतो, हे पर्यवेक्षकाकडून नीट समजून घ्यावे.

नववी पायरी : पर्यवेक्षण

स्पॅनिश बोलणारा एकुलता एक प्रशिक्षणार्थी असेल, तर केंद्रातले सर्व स्पॅनिश फोन, पत्रांची भाषांतरे आणि दुसऱ्यांच्या सत्रांतली दुभाषागिरी त्याच्यावर येऊन पडते, आणि त्याचे स्वतःचे शिक्षण मागे राहते. हे काम मोजावे, तासांत धरावे आणि नकार देण्याची त्याला मुभा असावी. स्पॅनिशमधील सत्रांचे पर्यवेक्षण स्पॅनिश येणाऱ्या व्यक्तीनेच करावे. इंग्रजीतल्या सारांशावरून दिलेला अभिप्राय सत्राचा नसतो, त्या सारांशाचा असतो. केंद्रात तशी व्यक्ती नसेल, तर बाहेरच्या परवानाधारकाशी गोपनीयतेचा करार करून महिन्यातून दोन तास ठरवावेत. सॅन अँटोनियोतील अवर लेडी ऑफ द लेक विद्यापीठाने स्पॅनिश भाषकांसाठीच्या मानसशास्त्रीय सेवांचा स्वतंत्र प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवला आहे. अशा ठिकाणांहून शिकून आलेली माणसे शोधावीत.

वर्षाच्या मध्यावर आणि शेवटी तीन गोष्टी पाहाव्यात : क्लायंटच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेले एक सत्र, दोन रकान्यांची वही, आणि पहिल्या सत्रानंतर न परतलेल्यांची यादी. यादीतल्या ज्यांनी फोन करायला आधी परवानगी दिली होती, त्यांना त्यांच्या भाषेत, प्रशिक्षणार्थीऐवजी दुसऱ्या कोणी फोन करावा आणि परत यायचा आग्रह न करता केवळ काय अडले ते विचारावे. वेळ जमली नाही, बस बंद झाली, पत्ता लिहून घेतला म्हणून भीती वाटली, नवऱ्याला कळले, अशी उत्तरे येतात, आणि पुढच्या तुकडीची पहिली बैठक मी याच उत्तरांनी सुरू करते.